आईला थांबू दिलंत, त्याबद्दल

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयातल्या स्वयंसेविका बाईंना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहिण्याचा आग्रह आईचा. "तू काय लिहिलंस ते मला वाचता आलं पाहिजे," म्हणाली. इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण इथल्या मराठी घरांत भारतातून आईवडील आले की हे ठिकाण, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं हे संग्रहालय, आपण सहसा गाळतो. एवढं दुःख कशाला दाखवायचं, आणि इंग्रजीशिवाय त्यांना कळणार तरी काय? मीही गाळणारच होते.

लिफ्टने चौथ्या मजल्यावर जायचं आणि बघत बघत खाली उतरायचं. मी आईला भराभर मराठीत सांगत होते. मागून गर्दी येत होती. चेहऱ्यांच्या मनोऱ्यात आई थांबली ती हलेचना. चहूबाजूंनी वरपर्यंत फोटो: लग्नं, सहली, बाळं, शाळकरी पोरं. तुम्ही जवळ आलात. एक वाक्य बोलायचं, माझं मराठीत सांगून होईपर्यंत थांबायचं, मग पुढचं. सगळी माणसं एशिशोक या एकाच गावची, आजच्या लिथुआनियातली. सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत तिथल्या ज्यूंना गोळ्या घातल्या.

आईने विचारलं, "मग फोटो उरले कसे?"

कितीतरी फोटो परदेशातल्या नातलगांना आधीच पाठवलेले होते, तुम्ही सांगितलंत. गावातल्या फोटोग्राफर कुटुंबाची नात याफा एलियाख लहानपणी लपून वाचली आणि मोठेपणी तिने ते घरोघरून जमवले.

त्यावर आई बोलायला लागली. ती अलिबागची, इस्रायल आळीच्या शेजारी वाढलेली. तिथले ज्यू मराठी बोलणारे. तेलाचा धंदा करायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. तिची शाळेतली मैत्रीण आईबापांबरोबर इस्रायलला गेली, निघताना दोघींनी फोटो काढून घेतला होता. तुम्ही 'शनवार तेली' हा शब्द दोनदा म्हणायला लावलात आणि लिहून घेतलात. माहिती सांगणारी माणसं खूप भेटतात हो. सत्तरीच्या बाईचं ऐकून घेणारं कुणी परक्या देशात भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढे मायदानेकच्या नाझी छळछावणीतून आणलेल्या, कैद्यांच्या बुटांपाशी तिला उभं राहवेना. जुन्या चामड्याचा वास येत होता. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता तिचा हात धरलात. त्याबद्दल आईने वेगळे आभार लिहायला सांगितलेत.

सुरुवातीला मिळालेलं, त्या काळातल्या एका खऱ्या मुलीची माहिती असलेलं ओळखपत्र तिने पोथीत ठेवलंय. त्यातल्या मुलीचं पुढे काय झालं ते मी घरी आल्यावर वाचून दाखवलं. आता ती अलिबागला फोन करून तो मैत्रिणीबरोबरचा फोटो शोधायला सांगते आहे. मिळाला की एक प्रत तुम्हाला पाठवू.

तुमची,
एक लेक, आईच्या वतीनेही