मैदान करून देणाऱ्या मिस्त्री काकांस

आदरणीय मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ती रेषा मारायची फक्की आधी आत ठेवा, पाऊस येतोय" म्हणता आणि विषय संपतो. म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय, खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींचे पालक आणि सराव घेणारे शिक्षक अशा सगळ्यांच्या वतीनं. नुसतं "मोलाचं सहकार्य लाभलं" एवढ्यावर भागवायचं नाही, असं ठरवलंय. तुम्ही काय केलंत आणि तसंच का केलंत, ते मापासकट लिहायचं. वाळवा-पलूसकडच्या एखाद्या शाळेला असं मैदान करायचं असेल तर तिलाही हे कामी येईल.

आपली जमीन कृष्णाकाठची, काळी. उसाला सोनं, पण खो-खोला वैरी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये मैदानाला अंगठा जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत घोट्याएवढा चिखल. त्यात 2019 आणि 2021 च्या पुरांनी वर गाळाचा थर आणून टाकला. हा गाळ वाळला की पिठासारखा उडतो आणि भिजला की साबणासारखा सटकतो. पळणारा हूल देऊन एकदम दिशा बदलतो तेव्हा सगळा भार एका पायावर येतो. खाली पकड नसली की घोटा तरी मुरगळतो, नाहीतर गुडघा तरी दुखावतो. त्याआधी चार ट्रॉली मुरूम वरच्या वर पसरून झाला होता. एका पावसाळ्यात तो काळ्या मातीच्या पोटात गेला.

तुम्ही पहिल्याच दिवशी पहार मारून बघितलीत आणि आधी गाळ काढा, मग माती काढा, मगच मुरमाचं बोला, असं सांगितलंत. मैदान 27 बाय 16 मीटर, भोवती दीड मीटरची लॉबी, म्हणजे काम 30 बाय 19 मीटरचं. एवढ्या जागेतली सहा इंच काळी माती उचलली, ती सुमारे 30 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) निघाली. ती फेकून न देता कुंपणाकडच्या झाडांच्या आळ्यांत आणि शेजारच्या शेतात गेली. मग कडक मुरूम टाकला, दाबल्यावर सहा इंच भरेल असा. मोकळा मुरूम दाबला की साधारण पाचव्या हिश्श्यानं बसतो, म्हणून 30 ब्रास न धरता तुम्ही 38 धरलेत. हा हिशेब आधी केला नसता तर लॉबीपर्यंत मुरूम पुरलाच नसता.

हा मुरूम एकदम ओतू दिला नाहीत. तीन-तीन इंचांचे दोन थर केले, प्रत्येक थर भिजवून, एक रात्र मुरू देऊन, सकाळी आधी लांबीत आणि मग रुंदीत रोलर फिरवला. सहा इंच एकदम टाकले की रोलरचा दाब वरच्या भागालाच लागतो, खालचा मुरूम पोकळ राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात जागोजागी बसतो. मैदानावर जी तळी दिसतात ती बहुतेक अशीच झालेली असतात.

वरचा दीड इंचाचा थर तांबड्या मातीचा. इथे बऱ्याच जणांचं मत होतं की तालमीत टाकतात तशी मऊ माती घ्यावी, मुलं पडली तर लागणार नाही. तुम्ही ते मानलं नाहीत, आणि ते बरोबर होतं. कुस्तीला पाठ टेकते, म्हणून तिथली माती खणून, तेल-ताक घालून भुसभुशीत ठेवतात. खो-खोला पाय रोवायचा असतो. मऊ मातीत उठतानाच चवडा रुततो आणि पहिलं पाऊल उशिरा पडतं. तुम्ही दोन घमेली तांबडी माती आणि एक घमेलं चाळलेला मुरूम, असं मिश्रण धरलंत. नुसती तांबडी माती पावसात गुळगुळीत होते, मुरमाच्या बारीक कणांनी तिला खरखर येते. वाळू चाळायच्या जाळीतून दोन्ही चाळून घेतलं, कारण हरभऱ्याएवढा खडासुद्धा सूर मारणाऱ्या मुलाच्या कोपराची साल काढतो.

उताराचं कामही डोळ्याच्या अंदाजानं केलं नाहीत. पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून मधल्या पाटीपासून, म्हणजे मधोमध लांबीत जाणाऱ्या पट्ट्यापासून, दोन्ही बाजूंच्या रेषांपर्यंत, 8 मीटरला 5 सेंटिमीटर असा उतार काढलात. पळताना तो जाणवत नाही, पाणी मात्र थांबत नाही. लॉबीच्या बाहेर फूटभर खोल चर खणून तो दगडगोट्यांनी आणि वर खडीनं भरला, म्हणजे पाणी आत जाईल पण कुणाचा पाय जाणार नाही. शालेय स्पर्धा भर पावसाळ्यातच सुरू होतात, तेव्हा ज्यांचं मैदान दोन दिवसांत वाळतं त्यांचाच सराव होतो.

आता आखणी. पूर्वी मैदान 29 बाय 16 मीटरचं असे, दोन खांबांमधलं अंतर साडेतेवीस मीटर आणि आडव्या पाट्या 30 सेंटिमीटर रुंदीच्या. नव्या मापात दोन्ही टोकांची मोकळी जागा दीड-दीड मीटर, खांबांमधलं अंतर 24 मीटर, मधली पाटी 30 सेंटिमीटर, आडव्या आठ पाट्या 35 सेंटिमीटरच्या, दोन पाट्यांमध्ये 2 मीटर 30 सेंटिमीटर आणि खांबापासून पहिल्या पाटीपर्यंत 2 मीटर 55 सेंटिमीटर. आपल्याकडे जुन्या खुणांवरच फक्की मारली जायची. शेवटच्या पाटीपासून खांबापर्यंत बघितलं तर फरक वितीएवढाही नाही, पण खांबावर गडी मारताना शेवटची तीन पावलं मोजून पडतात. जुन्या मापावर घटवलेली पावलं स्पर्धेच्या मैदानावर फसतात आणि हात खांबाच्या अलीकडेच संपतो. सराव घेणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटलं होतं. तुम्ही टेप धरून ते दाखवलंत, यासाठी आमचे खास आभार.

काटकोन काढायची तुमची रीत आता सातवीतल्या मुलांनाही येते: एका बाजूला 6 मीटर, दुसऱ्या बाजूला 8, आणि तिरकं माप बरोबर 10 आलं तर कोपरा काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. 27 बाय 16 ला प्रत्येक कर्ण 31 मीटर 38 सेंटिमीटर यायला हवा. दोन कर्णांत चार बोटांचाही फरक आला तरी तुम्ही सुतळी सोडायला लावता. दर वेळी नव्यानं मोजायला नको म्हणून पाट्यांच्या टोकांना नायलॉन दोरीच्या गाठी हातभर खोल पुरून फक्त शेंडा वर ठेवलात. बऱ्याच ठिकाणी खुणेसाठी लोखंडी खिळे ठोकतात. माती झिजली की ते वर येतात आणि अनवाणी पोराच्या टाचेत जातात. आणि रेषांना चुना नाही, फक्कीच. चुना ओल्या कातडीला आणि डोळ्यांना जाळतो आणि पाट्या जिथे एकमेकींना छेदतात त्या चौकोनांत आठ मुलं हात टेकूनच बसलेली असतात.

खांबाबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर उंच, 9 ते 10 सेंटिमीटर व्यासाचा, गुळगुळीत, हे नियमातच आहे. पण तो रोवायचा कसा, हे तुम्ही सांगितलंत. आधीचे खांब थेट काँक्रीटमध्ये होते आणि काँक्रीटचा ओटा जमिनीच्या वर आलेला. खांबाला वळसा घालताना घोट्याचं हाड नेमकं त्या कडेवर आपटायचं. तुम्ही दोन फूट खोल खड्ड्यात लोखंडी पाइपची बाही बसवून भोवती काँक्रीट केलंत. बाहीचं तोंड आणि काँक्रीटचा माथा दोन्ही जमिनीच्या चार इंच खाली ठेवून वर माती दाबलीत. खांब बाहीत उभा करायचा आणि सागवानी पाचरी चारही बाजूंनी थोड्या-थोड्या ठोकत जायचं. एकच बाजू पूर्ण ठोकली की खांब कलतो. कुणी खांबावर झेपावलं आणि खांब हलला तर हात निसटतो आणि तोंडावर पडायला होतं, म्हणून सोमवारी खांब हलवून बघायचा नेम तुम्ही घालून दिलात.

लाकूड कुजतं ते मातीच्या तोंडाशी, कारण तिथेच ते रोज भिजतं आणि वाळतं. म्हणून डांबर लावलंत ते फक्त खालच्या भागाला आणि वर जेमतेम दोन बोटं. त्याच्यावर ना ऑइलपेंट ना वॉर्निश. रंग दिसायला छान, पण घामेजलेला तळवा त्यावरून घसरतो. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, आणि शेवटी जुना सुती कपडा खांबावरून वरखाली फिरवायचा. कपड्याचा धागा कुठे अडकला की तिथे कुसळ आहे, पुन्हा घासा. इतकी साधी परीक्षा, पण तेव्हापासून कुणाच्या तळहातात कुसळ गेल्याचं ऐकलेलं नाही.

हे सगळं एकदाचं काम. रोजचं काम तुम्ही ज्या निष्ठेनं केलंत ते बघूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

खो मिळाला की मूल ज्या पायानं उसळी घेतं, त्या पायाखाली चौकोनात खळगा पडतो. महिनाभरात तो दोन बोटं खोल होतो. वरून दिसत नाही, कारण त्यात भुगा साचलेला असतो. पळणाऱ्याचा पाय नेमका त्यात गेला की संपलं. सगळीकडे त्यावर कोरडी माती ओढून पाय मारतात. ती खपलीसारखी बसते आणि दुसऱ्या दिवशी उठते. तुमची पद्धत अशी: आधी खळग्यातला भुगा झाडूनच काढायचा. खुरप्यानं तळ खरवडायचा, म्हणजे नव्या मातीला धरायला जागा होते. तांब्याभर पाणी शिंपडून ते जिरू द्यायचं. मग ओलसर मिश्रण जमिनीपेक्षा बोटभर वर भरायचं आणि धुम्मसानं कडेकडून मध्याकडे ठोकत यायचं. मधून सुरुवात केली तर माती कडेला पळते. शेवटी वर चिमूटभर कोरडी माती, धुम्मसाला चिकटू नये म्हणून. आठ चौकोन आणि दोन खांबांचे बुंधे, मिळून अर्ध्या तासाचं काम. हे तुम्ही आधी स्वतः केलंत, मग मुलांकडून करून घेतलंत, आणि आता ज्या चौकोनात जो बसतो त्यानंच तो भरायचा अशी रीत पडली आहे.

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात पूर्ण मैदानाला एक हजार लिटरची टाकी पुरते, पण ती सराव संपल्यावर संध्याकाळी मारायची. सरावाच्या आधी पाणी मारलं की वरचा पापुद्रा निसरडा आणि आतली माती कोरडीच. सकाळी टाच दाबून बघायची. ठसा उमटला पण माती टाचेला चिकटली नाही, तर रोलर फिरवायची वेळ. चिकटली तर थांबायचं, नाहीतर रोलरबरोबर अख्खा थर सोलून येतो.

पहिल्या पावसानंतर लव्हाळा, हरळी आणि सराटे उगवतात. सराट्याला पिवळं फूल दिसलं की काटा धरायच्या आत उपटायचा. लव्हाळा नुसता ओढला तर गाठ खाली राहते, म्हणून खुरप्यानं गाठीसकट काढायचा. तणनाशक मारा म्हणणारे होते. मुलं जिथे तळवे टेकून बसतात तिथे औषध नको, हे तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं. आणि मैदानावर एखादा मंडप लागून गेला की तुम्ही जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून सगळ्या मैदानभर ओढत फिरता, तेही इथे लिहायलाच हवं. मंडपवाल्यांचे खिळे, तारेचे तुकडे, स्टेपलरच्या पिना असं ओंजळभर लोखंड त्याला लागतं. बांबूचे खड्डे भरतानाही तळापासून थराथरानं ठोकत यायचं, नुसतं तोंड बुजवायचं नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. ते सामने मॅटवर झाले. आपल्या मुलांनी ते बघितले आणि आपल्याला मॅट कधी, असं विचारलं. मॅट येईल तेव्हा येईल, आणि यायला हवीच. पण आज साखळीत, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी, पळताना आपल्या मुली न बिचकता पाय रोवतात, मुलगे खांबावर पूर्ण अंग झोकून देतात, ते पायाखालच्या या मातीवर भरवसा आहे म्हणून. हा भरवसा तुम्ही दिलात, काका. मजुरी विचारली तर तुम्ही पोरांना रोज चणे-गूळ द्या म्हणालात. तो देतोय, आणि यापुढेही देत राहू.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही खांब काढून तळ बघायचा, असं तुम्ही सांगून ठेवलंय. पाचरींसाठी सागाचे तुकडे आणून शाळेच्या पडवीत वाळत ठेवलेत. डांबराचा डबाही आणलाय. पाचरी मोठी मुलं तासतील, चारही बाजूंनी थोड्या-थोड्या तीच ठोकतील. तुमची खुर्ची चिंचेखाली टाकून ठेवू. लेव्हल पाइप तेवढा येताना घेऊन या, आमच्याकडच्याला गळती लागली आहे.

आपले नम्र,
खो-खो संघाचे पालक, शिक्षक आणि सर्व खेळाडू