अपील फेटाळावे, पण कैद्याला कारणे कळावीत

महोदय,

एका कैद्याचे अपील निराधार ठरवून उच्च न्यायालयाने ते प्राथमिक सुनावणीतच फेटाळल्याची बातमी वाचली. ‘अशा अपिलांत न्यायालयाचा वेळ फुकट जातो’ ही त्यावरची प्रतिक्रिया कानावर आली, म्हणून हे पत्र.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेच्या वकीलमंडळावर असताना मी कारागृहातून आलेली अनेक अपिले पाहिली. त्यांतले एक अजून डोळ्यांसमोर आहे: रेघी कागदाची दोन पाने, अक्षर बराकीतल्या दुसऱ्याच कोणाचे, शेवटी डाव्या अंगठ्याचा निळा ठसा आणि शेजारी अधीक्षकांचा गोल शिक्का. मजकूर एवढाच, की मी निर्दोष आहे आणि माझे कोणी ऐकले नाही. खटल्याचे कागद मी दोनदा वाचले. साक्षीदार उलटतपासणीत डगमगले नव्हते, पंचनाम्यात खोट नव्हती, वैद्यकीय पुरावा जुळत होता. ते अपील फेटाळले गेले आणि ते योग्यच झाले. फिर्यादीच्या घरच्यांनाही निकालाची वाट पाहत किती वर्षे ताटकळत ठेवायचे?

मात्र आदेश एका ओळीचा आणि इंग्रजीत होता. भेटीला गेलो तेव्हा त्या माणसाने मला विचारले, “साहेब, पण माझे कागद कोणी वाचले का?” खात्रीने उत्तर देता येईल असे त्या आदेशात काहीही नव्हते.

कारागृहातून अपील पाठवण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४२४ मध्ये आहे आणि हस्तक्षेपास पुरेसे कारण नसलेले अपील थेट फेटाळण्याचा अधिकार कलम ४२५ देते. सत्र न्यायालयाने असे अपील फेटाळल्यास कारणे नोंदवणे त्याच कलमाने बंधनकारक केले आहे. उच्च न्यायालयाबाबत मात्र कलमात तशी सक्ती नाही. वाद घालण्याजोगा मुद्दा असेल तर उच्च न्यायालयाने अपील असे फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मुश्ताक हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या १९५३ च्या निकालातच बजावले होते. पण तसा मुद्दा होता की नव्हता, हे कारणांवाचून कळणार कसे? १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात तर कैद्याची याचिका फेटाळतानाच न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालपत्राची मोफत प्रत आणि गरजू कैद्याला अपिलासाठी वकील हे हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी, जोडले. तथ्य नसलेल्या त्या याचिकेमुळे नंतरच्या असंख्य कैद्यांना आधार मिळाला.

माझी मागणी छोटी आहे. फेटाळणीच्या आदेशात चार वाक्यांची का होईना, पण कारणे असावीत, त्याची मराठी प्रत आठवडाभरात कारागृहात पोहोचावी आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती विधी स्वयंसेवकाने समोर बसून वाचून दाखवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील