पॉइंट कमी करणाऱ्या सरांचे आभार

आदरणीय सर,

सतरा वर्षांखालच्या गटाला तुम्ही बास्केटबॉलमधला पासिंगचा खेळ शिकवायला लागलात, तेव्हापासून कोर्टाच्या कडेला एकच कुरकुर चालू आहे: "आमच्या मुलाचे पॉइंट कमी झाले." ठाण्यातले पालक स्कोअरशीटवर आधी तोच आकडा बघतात. म्हणून हे आभार चारचौघांत मानतोय.

पॉइंट कमी होतात, हे खरंच आहे. पण शॉटही कमी होतात, ते कुणी मोजत नाही. वीस शॉट मारून सोळा पॉइंट करणारा मुलगा अकरा शॉटमध्ये चौदा करायला लागला, तर उरलेले नऊ शॉट मोकळ्या उभ्या असलेल्यांना मिळतात. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या मायकल जॉर्डनचंही हेच झालं. फिल जॅक्सन १९८९ मध्ये शिकागो बुल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि संघ त्यांचे सहायक टेक्स विंटर यांचा 'ट्रँगल' खेळू लागला, म्हणजे तिघांचा त्रिकोण करून पास फिरवण्याची पद्धत. पहिल्या मोसमात जॉर्डनची सामन्यामागे सरासरी ३३.६ पॉइंट होती, दुसऱ्यात ३१.५. त्याची शॉटची टक्केवारी मात्र ५२.६ वरून ५३.९ झाली आणि १९९१ मध्ये बुल्सना पहिलं विजेतेपद मिळालं. २०१४ च्या विजेत्या सॅन अँटोनियो स्पर्समध्ये तर सर्वाधिक सरासरी टोनी पार्करची, तीही फक्त १६.७.

तुमच्याकडून मिळालेली खरी गोष्ट म्हणजे पास नेमका कुठे द्यायचा, ही शिस्त. शूटरच्या छातीसमोर, ज्या हाताने तो शॉट मारतो त्या बाजूला. गुडघ्याशी आलेला चेंडू त्याला वाकून उचलावा लागतो. तो सरळ होईपर्यंत डिफेंडरचा हात तोंडासमोर आलेला असतो. शॉट चुकतो, शीटवर नाव शूटरचं लागतं आणि चूक असते पास देणाऱ्याची. दोघांमधलं अंतर साडेचार-पाच मीटर. त्याहून कमी असलं तर एकच डिफेंडर दोघांना धरतो, जास्त असलं तर पास हवेत रेंगाळतो आणि मधेच पळवला जातो. चेंडू हातात आल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचं: शॉट, पास की ड्राइव्ह (चेंडू आपटत बास्केटकडे घुसणं). चेंडू धरून ठेवला की एका बाजूला ओढला गेलेला डिफेन्स परत जागेवर येतो आणि आधीचे तीन पास फुकट जातात.

नुसते पास मोजले की काय होतं, तेही तुम्ही वेळीच ओळखलंत. चेंडू तीन पॉइंटच्या कमानीबाहेर गोल फिरतो, बास्केटकडे कुणी बघत नाही, डिफेन्स निवांत आत सरकतो आणि शॉटसाठीचे चोवीस सेकंद संपताना कुणीतरी घाईत फेकतं. म्हणून तुमचा नियम: शॉटआधी चेंडू एकदा तरी पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या चौकटीत, गेला पाहिजे, कटने (चेंडूशिवाय बास्केटकडे धावून तिथे पास घेऊन) किंवा ड्राइव्हने. मदतीला डिफेंडर आत आला की कोपऱ्यातला शूटर मोकळा. आणि कट मारणाऱ्याने पास आला नाही तर लगेच बाहेर निघायचं. तो बास्केटखाली रेंगाळला की पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबल्याची शिट्टी वाजते, नाहीतर पुढच्याचा रस्ता तरी अडतो.

ज्याचे सगळे पॉइंट ड्रिबलवर, म्हणजे स्वतः चेंडू आपटत नेऊन, यायचे, त्याला सुरुवातीला हे जड जातं. चेंडूशिवाय धावायची सवय नसते. पासची वाट अडवणाऱ्या डिफेंडरच्या पाठीमागून बॅकडोअर कट मारायचा, हे त्याला सुचतच नाही. पण ते जमलं की ले-अपसाठी, म्हणजे बास्केटजवळच्या सोप्या शॉटसाठी, ड्रिबलही लागत नाही. घड्याळात पाच सेकंद उरले की मात्र कुणालातरी स्वतःच शॉट काढावा लागतो, तिथे पद्धत उपयोगी नाही. सरावाच्या शेवटी तुम्ही एकास एक खेळायला लावता ते यासाठीच, आणि तेवढं बंद करू नका.

एक विनंती आहे. असिस्टच्या, म्हणजे ज्यावर थेट बास्केट होते त्या पासच्या, आधीचा पास कुणी दिला, त्याचा वेगळा रकाना तुम्ही वहीत ठेवता. ते पान दर सामन्यानंतर स्कोअरशीटशेजारी लावा. पालकांना तेही वाचू द्या.

तुमचे आभारी,
सरावाला मदत करणारे आम्ही जुने खेळाडू, ठाणे