रिकाम्या पोटीची गोळी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

पुन्हा केमो का नाही, असं बाबा विचारत होते. आईचा अंडाशयाचा कॅन्सर लो-ग्रेड सीरस जातीचा आहे, दुर्मिळ आणि संथ. केमोचा मारा झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर असतो, संथ पेशी त्यातून निसटतात. आईच्या नव्या गोळीचं, ट्रॅमेटिनिबचं, काम वेगळं. पेशीला ‘वाढ’ असा निरोप आत पोचवणारी प्रथिनांची साखळी असते, तिच्यातली मेक नावाची कडी ही गोळी अडवते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २६० बायकांवरच्या चाचणीत नेहमीच्या औषधांवर आजार साधारण ७.२ महिने आटोक्यात राहिला, हिच्यावर १३ महिने. गाठी लहान होण्याचं प्रमाण मात्र चारात एक. तेव्हा स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली, तर हिरमुसू नका.

आता गोळी घ्यायची कशी. २ मिलिग्रॅमची एक, रोज सकाळी ६ला, पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर काही नाही. आई, दुधाचा चहा आणि एक खारीसुद्धा खाणंच झालं! पोटात स्निग्ध पदार्थ असला की औषध कमी शोषलं जातं. एखादे दिवशी राहून गेली, तर पुढच्या गोळीला १२ तासांहून जास्त वेळ असेल तरच घ्यायची. उलटी झाली म्हणून दुसरी घ्यायची नाही. बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नको. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, आणि बाबा, गोळ्या तुमच्या वारांच्या डबीत काढून ठेवू नका.

पुरळ बहुधा येईलच, चेहऱ्यावर नि छातीवर, मुरुमांसारखं. ती उष्णता नव्हे. हळद-चंदनाचा लेप किंवा मुरुमांचं मलम लावलंत तर कातडी आणखी सोलवटेल. साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हात जाताना सनस्क्रीन, आणि डॉक्टरांना लगेच दाखवा. जुलाब झाले तर किती वेळा ते लिहून ठेवा, ओआरएस सुरू करा.

आई, तू सोसत बसतेस, त्याचीच मला धास्ती. त्रास वेळेवर सांगितला तर डॉक्टर गोळी थोडे दिवस थांबवतात, मग १.५ किंवा १ मिलिग्रॅमवर आणतात. अंगावर काढलंस, तर औषधच बंद करायची पाळी येते.

डोळ्यांपुढे धूसर दिसलं तर ‘मोतीबिंदू असेल’ म्हणून सोडू नका. पडद्याला सूज आलेली असू शकते, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पायांना सूज, चढताना धाप, शौचातून रक्त, अंग ठणकून लघवी गडद होणं, यातलं काही झालं तरी सकाळची वाट न पाहता फोन करा.

बाबा, बीपी रोज मोजून वहीत टिपा. टूडी एको गोळी सुरू करण्याआधी, मग महिन्याने, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. हृदयाचं पंपिंग कमी होत नाही ना, ते त्यात कळतं. पहिल्या एकोचा रिपोर्ट डॉक्टरांनी बघितल्याशिवाय बाटली उघडू नका.

तुमची,
मनू