नाडी बघून औषध भर

लातूर

प्रिय माधव,

तुझ्याकडं तालुक्याला सिझर सुरू झाली, बरं झालं. स्पायनलनंतर (कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केल्यावर) बीपी पडलं की कोणतं औषध भरायचं, असं विचारलंस. माझं म्हणणं एवढंच की बीपीसोबत नाडी बघ. औषध तीच ठरवते.

बीपी ८०, नाडी ११० असेल तर हृदय झटतंय, पण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिंपथेटिक नसा बधिर झाल्यानं रक्तवाहिन्या सैल पडल्यात. तिथं फिनाइलएफ्रिन, ५० ते १०० मायक्रोग्रॅम शिरेतून. ते फक्त रक्तवाहिन्यांतल्या अल्फा रिसेप्टरवर काम करतं, त्या आवळतं. बीपी चढलं की बॅरोरिसेप्टरमुळं (बीपी जोखणाऱ्या नसांच्या टोकांमुळं) नाडी ५५ पर्यंत उतरते. बीपी चांगलं असेल तर हात आवर, नाडी आपोआप येते. तिथं घाईनं नाडी वाढवणारं ॲट्रोपिन मारलंस तर बीपी भडकेल.

बीपी आणि नाडी दोन्ही खाली आले तर गोष्ट वेगळी. बधिरता टी-४ च्या (छातीच्या चौथ्या मणक्याच्या नसेच्या, म्हणजे स्तनाग्रांच्या पातळीच्या) वर सरकली की हृदयाला वेग देणाऱ्या टी-१ ते टी-४ च्या नसाही बंद पडतात. फिनाइलएफ्रिननं नाडी आणखी पडेल. बीपीसोबत नाडीही वाढवणारं इफेड्रिन ५ ते १० मिलिग्रॅम किंवा आपलं नेहमीचं मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम दे, सोबत ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम. बधिरता आणखी वर चढून बाई हात दाबू शकत नाही, आवाज बारीक झालाय, बीपी हलत नाही, तर श्वास सांभाळ आणि ॲड्रिनलिन १० मायक्रोग्रॅम दे. उगं वाट बघत बसू नको.

मेफेंटरमिन तिसऱ्या-चौथ्या वेळी लागू पडत नाही ना? ते मुख्यतः मज्जातंतूच्या टोकाला साठलेलं नॉरॲड्रिनलिन (रक्तवाहिन्या आवळणारं शरीरातलंच रसायन) बाहेर ढकलतं. साठा संपला की डोस वाढवून उपयोग नाही, औषध बदलायचं. इफेड्रिन वारेतून बाळाकडं जातं, जास्त दिलं तर बाळाचं रक्त आम्लधर्मी होतं. म्हणून सिझरला पहिला मान फिनाइलएफ्रिनचा.

पण खरा घोळ पातळ करताना होतो. फिनाइलएफ्रिनच्या १ मिलीच्या अँप्यूलमध्ये १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचे १०० डोस! ते अख्खं १०० मिली सलाइनमध्ये घाल. १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. ॲड्रिनलिनचं १ मिलिग्रॅम १० मिली कर, त्यातलं १ मिली ठेवून पुन्हा १० मिली कर. आता १ मिलीत १० मायक्रोग्रॅम. भरण्याआधीच सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव आणि प्रमाण लिही. सिस्टरलाही तीच सवय लाव.

चुकून जास्त फिनाइलएफ्रिन गेलं आणि बीपी २२० झालं तर लॅबेटलॉल किंवा एस्मोलॉल या बीटा ब्लॉकरना (हृदयाचा वेग आणि जोर कमी करणाऱ्या औषधांना) हात लावू नको. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध झगडणाऱ्या हृदयाचा जोर बीटा ब्लॉकरनं काढून घेतला की फुफ्फुसांत पाणी भरतं. औषध थोड्या मिनिटांचंच असतं, थांब; फारच लागलं तर रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन.

प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात बीपी वाढलेल्या) बाईला अर्ध्या डोसनं सुरुवात कर. उजव्या कुल्ल्याखाली उशी देऊन डावीकडं १५ अंश कलवायला विसरू नको. पोटातल्या मोठ्या शिरेवरचा गर्भाशयाचा दाब हटला नाही तर सिरिंजा रिकाम्या होतील आणि बीपी तिथंच राहील. एप्रिल-मेमध्ये अँप्यूल उन्हाच्या कपाटात नकोत. ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की फेकून दे.

तुमच्याकडं सिरिंज पंप आहे का ते कळव. असेल तर नॉरॲड्रिनलिन कसं लावायचं ते पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
विनायक