गाडी घे, पण हप्त्यावर नको

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला त्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या कर्जाचा कागद मी प्रिंट काढून आणला आणि नीट वाचला. रविवारी फोनवर दोघींचाही आवाज चढला आणि "आई, तुला गाडीतलं काही कळत नाही" म्हणून तू फोन ठेवलास. गाडीतलं मला खरंच कमी कळतं, ते खातं तुझ्या बाबांचं. पण कर्जातलं कळतं. बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी गेली. म्हणून हे पत्र फक्त पैशांबद्दल आहे. वेगाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असं बाबांना सांगून बसले आहे.

आधी त्या ८ टक्क्यांचं बघू. तो एजंट म्हणतो, बारा लाख, तीन वर्षं, ८ टक्के. पण खाली बारीक अक्षरात 'फ्लॅट' लिहिलंय ते वाचलंस का? म्हणजे तू निम्मं कर्ज फेडलंस तरी व्याज पूर्ण बारा लाखांवरच मोजणार. तीन वर्षांचं २ लाख ८८ हजार व्याज मुद्दलात मिळवायचं आणि छत्तीसने भागायचं, झाला ४१,३३३ चा हप्ता. हाच हप्ता घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज धरून, मांडला तर दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे दुसरा कोणी तुला सरळ "१४ टक्के, घटत्या शिल्लकीवर" म्हणाला तर तो याच्यापेक्षा स्वस्त आहे. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने नियम केलाय, असं कर्ज देणाऱ्याने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायलाच हवं आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायला हवा. तो कागद माग. द्यायला टाळाटाळ केली तर तिथून उठ.

आता त्याचं दुसरं म्हणणं, जे तुला पटलंय. "मॅडम, एफडी मोडू नका. बारा लाखांवर ७ टक्क्यांनी तीन वर्षांत पावणेतीन लाखांच्या वर व्याज मिळेल, कर्जाचं व्याज २ लाख ८८ हजार. कर्ज जवळजवळ फुकटच." आकडे बरोबर आहेत गं, मी मांडून पाहिले. पण एक गोष्ट तो बोलत नाही. दर महिन्याचे ४१,३३३ तुझ्या पगारातून जाणार आहेत. तू गाडी रोखीने घेतलीस आणि तेच पैसे दरमहा ७ टक्क्यांच्या आरडीत टाकलेस, तर तीन वर्षांनी हातात साडेसोळा लाखांच्या आसपास असतील. कर्ज घेतलंस तर तुझी ती न मोडलेली एफडी पावणेपंधरा लाखांच्या थोडी वर असेल. मधले दीड-पावणेदोन लाख कुठे गेले? हे गणित मी काउंटरवर बसून कित्येकांना मांडून दाखवलं. बहुतेक जण मान डोलवायचे आणि कर्ज घ्यायचेच, कारण तोपर्यंत गाडी मनात घरी आलेली असायची. तुझ्या मनातही आली आहे, हे मला कळतंय. पार्किंगमध्ये ती कुठे उभी राहील याचा फोटो तू बाबांना पाठवलास. त्यांनी मला दाखवला.

पण व्याजासाठी मी इतकं लिहीत नाही. दीड लाख गेले तर तू मिळवशील. मला वेगळंच सांगायचंय.

वसुलीच्या कामाला असताना जप्त केलेल्या गाड्यांच्या यार्डात मला जावं लागायचं. पंचनामा, मूल्यांकन, सगळं बघावं लागायचं. त्या गाड्यांमध्ये एक गोष्ट मला सारखी दिसायची. टायर गुळगुळीत झालेले. ब्रेकचे पॅड संपलेले. तेल काळंकुट्ट. ही बेफिकीर माणसं नव्हती. त्यांनी अगदी शेवटपर्यंत हप्ते भरले होते, मी स्वतः त्यांची खाती पाहिलेली. हप्त्याला तारीख असते, चुकला तर फोन येतो, माणूस दारात येतो. टायरला तारीख नसते. टायरसाठी कोणी फोन करत नाही. म्हणून पैसे कमी पडले की माणूस टायर पुढे ढकलतो. पुढच्या महिन्यात बघू, पावसाळ्याआधी बघू.

आणि तुझी गाडी साधी नाही. बाबांनी मला सगळं समजावलं. ऑक्टाव्हिया आरएस, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्तीची ताकद, आणि ती सगळी पुढच्या दोन चाकांवर. त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. टायर सतरा इंची, २२५/४५, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे नव्हेत. गिअरबॉक्सचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, आणि ही गाडी ५८,००० वर आहे. म्हणजे पहिल्याच वर्षात हे सगळं तुझ्या अंगावर येणार, आणि त्याच वर्षात दर महिन्याचे ४१,३३३. आधी काय भरशील? मला माहीत आहे आधी काय भरशील. तू शिस्तीची आहेस. तू हप्ता भरशील.

आणि मग शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नऊनंतर तू हिंजवडीहून घरी यायला निघणार, नवले पुलाचा तो उतार, पुढे खंबाटकी, साताऱ्यानंतर पाऊस. त्या टायरांवर. मी लिहिणार नव्हते. लिहिलं.

बाबा म्हणतात, सोनू आपल्या दोघांपेक्षा चांगली चालवते. मला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर झेन गाडी शिकताना पहिल्याच दिवशी तू क्लच इतका हळुवार सोडलास की बाबा गप्पच झाले, आणि तुझ्या बाबांना गप्प करणं सोपं नाही. कॉलेजात बाहाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांच्या त्या स्पर्धेची, गाडी बनवताना तुझ्या ओढणीला वेल्डिंगची भोकं पडायची. आजी रोज रडायची, मुलीची जात आणि हात भाजलेले. मी आजीशी भांडायचे आणि रात्री तुझ्या हातांना कोरफड लावायचे. पीथमपूरला तुमच्या गाडीने ती चार तासांची एंड्युरन्स पूर्ण केली तेव्हा तू फोनवर नुसती ओरडत होतीस, शब्दच नव्हते. मी बँकेत होते. काउंटर सोडून जिन्यात जाऊन उभी राहिले. अजूनही कोणी तुझं नाव काढलं की मला तोच जिना आठवतो. पण त्या गाडीला पाइपांचा पिंजरा होता, तुझ्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि समोरून ट्रक येत नव्हते.

पुन्हा तिकडेच गेले. माफ कर.

हौस करू नकोस असं मी म्हणत नाही, हे नीट वाच. रविवारी तू तसंच ऐकलंस. २०१७ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत साडेचोवीस लाखांच्या घरात होती आणि आल्या त्या मोजक्याच. तेव्हा तू त्या गाडीचं चित्र अभ्यासाच्या टेबलावर काचेखाली लावलं होतंस. इतक्या वर्षांनी स्वतःच्या पगारातून ती घेते आहेस. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मुलीने एवढ्या पैशांचं सोनं घ्यावं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तर माझं म्हणणं असं. तुझ्या सहा-सहा लाखांच्या तीन एफडी आहेत. दोन मोड. मुदतीआधी मोडल्या म्हणून व्याज थोडं कापतील, कापू देत. गाडी पंधरा लाखांत मिळते का बघ. विकणारा सोळा म्हणतोय, पण टायर आणि गिअरबॉक्सचं तेल पुढ्यात आहे हे त्याच्यासमोर मांड. शिवाय अशा गाडीला गिऱ्हाईक मोजकंच असतं आणि तिच्यावर कर्ज द्यायला बँका कां-कूं करतात, म्हणजे रोख देणारा त्यालाही हवाच आहे. उरलेल्या तीन लाखांसाठी तिसऱ्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट घे. एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त लागतील, पण वापरशील तेवढ्यावरच आणि तेवढ्याच दिवसांचं. सात-आठ महिन्यांत फिटेल. एखाद्या महिन्यात टायर घ्यावे लागले तर त्या महिन्यात कमी भर, कोणी दारात येणार नाही. आणि आरसीवर कोणाचा बोजा राहणार नाही. नोकरी बदलावीशी वाटली, गाडी विकावीशी वाटली, किंवा गेल्या वर्षी बाबांच्या आजारपणात आपल्याला रातोरात पुण्याला जावं लागलं तसं काही झालं, तर तुला कोणाची परवानगी लागणार नाही. त्या वेळी आपल्या हातात पैसे होते म्हणून काय झालं आणि नसते तर काय झालं असतं, हे तुला मी सांगायला नको.

पंधरातही तो देत नसेल तर थांब. दिवाळीपर्यंत तुझे आणखी पैसे जमतील.

रोखीने म्हणजे नोटांनी नव्हे, हेही सांगून ठेवते. "थोडी कॅश द्या, बिल कमी दाखवू" असं तो म्हणेल. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकराच्या कायद्याने बंद केलंय, आणि बिलात न दाखवलेला पैसा उद्या भांडण झालं तर तू कुठे मागणार? सगळं आरटीजीएसने, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या किंवा बिल देणाऱ्याच्याच खात्यात. पैसे देण्याआधी सरकारच्या 'वाहन' साइटवर गाडीचा नंबर टाकून बघ. आधीच्या मालकाचं कर्ज दिसत असेल तर त्या बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नकोस. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असं समजू नकोस, आरसी तुझ्या नावाची होऊन येईपर्यंत पाठपुरावा कर. विमा चौदा दिवसांत तुझ्या नावावर करायला अर्ज दे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, तुला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. इंजिनच्या संगणकात कोणी ताकद वाढवायला फेरफार केलाय का, हे तपासून घ्यायला बाबांनी सांगितलंय. उद्यमनगरातले गॅरेजवाले अण्णा शनिवारी पुण्याला यायला तयार आहेत. त्यांना नाही म्हणू नकोस, ते तुझ्यासाठी म्हणून येत आहेत.

बघ, पुन्हा व्याख्यान झालं. कर्ज विभागातली बाई निवृत्त झाली तरी घरात आहेच. तुला राग आला असेल तर एक-दोन दिवस जाऊ दे आणि मग फक्त आकड्यांचा भाग पुन्हा वाच. बाकीचं आईचं आहे म्हणून सोडून दे.

बाबा बरे आहेत. पथ्य पाळतात, म्हणजे मी समोर असताना पाळतात. ते मनातून फार खूश आहेत, तुला सांगणार नाहीत. रोज संध्याकाळी त्या गाडीचे व्हिडिओ बघतात.

आशीर्वाद,
आई

ता. क. चारही टायरांचे पैसे मी देणार आहे, त्यावर वाद नको. गाडी ताब्यात आली की आधी टायरच्या दुकानात जा. बाजूला तयार झालेलं साल आणि आठवडा लिहिलेला चार आकडी नंबर असतो, तो वाचून जुने पडून राहिलेले टायर घेऊ नकोस. बिल माझ्या नावाने नको, तुझ्याच नावाने कर आणि फोटो पाठव. पैसे लगेच टाकते.