अश्विनीचा ताप उतरला का?

चि. संतोषास,
अनेक आशीर्वाद.

दुपारी अश्विनीचा फोन आला. अंग फणफणलंय, डाव्या बाजूला गाठ आलीय म्हणाली. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. रागवायचं नाही असं ठरवलंय.

साखरपुड्यात बाळ रडायला लागलं तेव्हा ती पंगतीशेजारी खुर्चीवर पदर घेऊन बसलीच होती. तू जाऊन कानात काहीतरी पुटपुटलास आणि ती उठून सामानाच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. पंखा नाही, तांदळाची पोती, घंगाळं, आचाऱ्याची सारखी ये-जा. पोर घामाने निथळत होती, बाळ तोंड लावायचं आणि सोडायचं. रात्री गाडीतही शेजारी पुरुष होता म्हणून पाजलं नाही म्हणे. दूध असं तटून राहिलं की ताप येणार नाही तर काय?

तुझं अवघडलेपण कळतं मला. चार मोठी माणसं होती, तुझे साहेब होते. पण येळ्ळूरच्या घरात आजोबांपुढे माझ्या डोक्यावरचा पदर जरा ढळला तरी आत्याबाई डोळे वटारायच्या, आणि त्याच सोप्यात मी तुला पाजायला बसले तर कुणी ‘आत जा’ म्हटलं नाही. आजोबा सुपारी कातरत गोठ्याकडे तोंड फिरवायचे, बस. भातलावणीत तर बांधावरच पाजायचे, अंगावर इरलं, पाय चिखलात. एकदा बेळगावच्या स्टँडवर तू इतका रडलास, की कंडक्टरनेच ‘कूडरी अक्का’, बसा ताई, म्हणत पुढची सीट मोकळी करून दिली. आता २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही, खानापूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तरी लेकुरवाळीला कुणी ना कुणी सरकून जागा देतंच.

ताप मोजलात का? गाठ जोरात चोळू नका. पाजणं थांबवू नका, त्या बाजूनेही पाजू दे. उद्यापर्यंत उतरला नाही तर डॉक्टरांकडे ने, रजा टाक. आणि बाहेर जाताना बाटली न्यायची असं तुमचं चाललंय, ते नको. बाळ ओढतं तेवढं दूध येतं, ओढणं कमी झालं की आटत जातं. सहा महिने पाणीसुद्धा देऊ नका, पुढे वरचं खाणं सुरू झालं तरी दोन वर्षं अंगावर पाजावं, असं आपल्या अंगणवाडीच्या बाईही सांगतात.

बघ, सुरू झालं माझं. राग मानू नकोस रे. रात्री उठून लंगोट तू बदलतोस हे अश्विनीने सांगितलं, ते मी अख्ख्या गल्लीत सांगून आले. तुझ्या बाबांनी तुला वर्षाचा होईपर्यंत नीट उचललं नव्हतं.

हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो, त्याची भीती मलाही वाटते. म्हणून म्हणते, ती पाजत असताना तू शेजारी बस. कुणी टक लावून बघत असेल तर त्या माणसाला उठव. तिला परत तसल्या खोलीत पाठवू नकोस. कोंडून घेऊन, जीव मुठीत धरून पाजलं की असंच होतं, आणि मग ताप.

हळिवाचे लाडू मावशीबरोबर पाठवतेय. गणपतीला दिवसाच्या गाडीने या, अश्विनीला खिडकीजवळ बसव. रात्री फोन कर, कितीही वाजू देत, मी जागी आहे. ताप किती आहे ते आधी सांग.

तुझी,
आई